साक्ष, दप्तर आणि अग्रस्थान

तंजावूरचे राजे तुळजाजी भोसले १७८७ च्या आरंभी मरणासन्न असता त्यांनी आपल्याच कुळाच्या एका शाखेतील सरफोजी नावाच्या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत देह ठेवला. पुढे गादीवर कोणी बसावे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्याचा निकाल तलवारीने न लागता साक्षीने लागला. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्बेल यांनी पंडितांचा अभिप्राय मागविला, आणि मुलगा जनकाचा एकुलता एक आहे, त्याचे वयही दत्तविधानास योग्य अशा मर्यादेपलीकडे गेले आहे, अशी कारणे दाखवून पंडितांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरविले. त्यासरशी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे राज्य गेले. हे पंडित फितविले गेले होते असा आक्षेप सरफोजीचा पाठीराखा श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या बाजूने पुढे घेतला गेला, मुलास सुरक्षिततेसाठी मद्रासेस हलवावे लागले, तोच प्रश्न बंगाल व काशी येथील पंडितांपुढे नव्याने मांडण्यात आला, त्यांनी दत्तविधान सशास्त्र असल्याचा निर्वाळा दिला, आणि अखेर १७९८ मध्ये सरफोजी सिंहासनावर आला. या अकरा वर्षांत सरफोजीच्या हक्कात तिळमात्र फरक पडला नव्हता; फरक पडला तो साक्षीत, आणि ती साक्ष कोणी, कोणाच्या प्रेरणेने दिली याची छाननी करण्याच्या तजविजीत.

त्याच तंजावूरात आज सोन्याच्या वर्खाची चित्रे करणारा चितारी, डोलणाऱ्या बाहुल्या घडविणारा कारागीर किंवा फणसाच्या लाकडातून वीणा कोरणारा वाद्यकार आपले गिऱ्हाईक केवळ बृहदीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर शोधीत नाही. त्याचे गिऱ्हाईक पुण्यात, सिंगापुरात किंवा लंडनमध्ये बसलेले असते, आणि ते दुकानाचा पत्ता माणसाला न विचारता शोधयंत्राला विचारते. शोधयंत्र उत्तरादाखल जी यादी पुढे ठेवते तिच्या माथ्यावरील दोन-चार नावांपलीकडे फारच थोडी माणसे पाहतात. यास्तव त्या यादीतील अग्रस्थान ही आता एक मिळकत झाली आहे, आणि जेथे मिळकत आली तेथे तिच्यावर डोळा ठेवणारा भाऊबंदही आलाच. आपला माल सुधारून वर चढण्याऐवजी दुसऱ्यास खाली ओढून आपण वर दिसावे, अशी बुद्धी ज्यांना होते, त्यांच्या युक्त्या कोणत्या आणि त्यांच्यापासून आपल्या संकेतस्थळाचे रक्षण कसे करावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

यादी आणि क्रम

शोधयंत्राचे काम दोन भागांत विभागलेले आहे, आणि त्यांतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच उमजणार नाही. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नायक राजांपासून सरफोजींपर्यंत जमत गेलेला हस्तलिखितांचा जो प्रचंड संग्रह आहे, त्यातील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. अमुक विषयाच्या पोथ्या कोणत्या, एवढे अशी सूची सांगते. त्यांतील कोणती पोथी प्रथम वाचावी, हे ठरविण्याचे काम ती वाचकाच्या विवेकावर सोपविते. शोधयंत्राची स्वयंचलित आज्ञावली रात्रंदिवस पानापानांतून हिंडून पहिल्या प्रकारची सूची बनविते खरी, परंतु तिच्यावर एक दुसरे, अधिक नाजूक काम सोपविलेले असते, ते म्हणजे एकाच विषयावरील लक्षावधी पानांतून कोणते आधी दाखवावे याचा निवाडा करणे.

हा निवाडा करण्याची एक अभिनव रीत सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये मांडली. एखाद्या पानाने दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा दिला म्हणजे त्याने दुसऱ्याविषयी अनुकूल साक्ष दिली असे समजावे. परंतु सर्व साक्षी सारख्या मोलाच्या न मानता ज्याच्याविषयी स्वतः अनेकांनी चांगली साक्ष दिली आहे त्याच्या साक्षीचे वजन अधिक धरावे, अशी ती रीत होती. एखाद्या विद्यापीठाच्या कलाविभागाने तंजावूरच्या चिताऱ्याचा दुवा दिला, तर तो कोण्या अज्ञात पानाच्या शंभर दुव्यांपेक्षा भारी ठरावा, हा तिचा मथितार्थ. पुढे या रीतीत शेकडो इतर कसोट्यांची भर पडली, पान किती त्वरेने उघडते, मजकूर वाचकाच्या प्रश्नास किती जुळतो, इत्यादी गोष्टी तोलल्या जाऊ लागल्या. तथापि परक्याची साक्ष हा तिचा एक मूलाधार आजही कायम आहे, आणि साक्षीवर चालणाऱ्या प्रत्येक कचेरीभोवती जसे भाडोत्री साक्षीदार जमतात तसे ते येथेही जमले.

भाडोत्री साक्षीदार

आरंभी या साक्षीदारांचा उपयोग स्वतःला वर चढविण्यासाठी होत असे. पैसे टाकून हजारो असंबद्ध पानांवर आपले दुवे पेरून घेण्याचा हा धंदा किती बोकाळला होता, हे २०११ च्या फेब्रुवारीत जे. सी. पेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकानसंस्थेच्या प्रकरणाने उघड झाले. न्यूयॉर्क टाइम्सने ते चव्हाट्यावर आणताच गूगलने त्या संस्थेची पाने यादीत खाली लोटली. पुढील वर्षी, २४ एप्रिल २०१२ रोजी, पेंग्विन या नावाने ओळखली जाणारी सुधारणा गूगलने अमलात आणली, आणि विकतचे दुवे गोळा करणाऱ्या संकेतस्थळांस सरसकट दंड होऊ लागला.

न्यायाच्या हेतूने काढलेल्या हुकमातूनच अन्यायाची नवी वाट फुटावी, हा अनुभव राज्यकारभारात नवा नाही. विकतच्या दुव्यांबद्दल दंड होतो हे ठरताच कुटिल प्रतिस्पर्ध्याच्या मनात सहजच आले की, असे दुवे स्वतःसाठी विकत न घेता वैऱ्याच्या नावावर विकत घ्यावेत, म्हणजे दंड त्यास होईल. जुगाराच्या, बनावट औषधांच्या आणि अश्लील चित्रांच्या हजारो पानांवरून एखाद्या सालस दुकानाकडे एका रात्रीत दुवे वळवून द्यावयाचे आणि ते बदनाम होण्याची वाट पाहावयाची, या उद्योगास त्या धंद्यातील लोक ‘निगेटिव्ह एसईओ’ म्हणतात. ज्याने साक्षीदार भाड्याने घेतला तो आणि ज्याच्या नावाने तो उभा राहिला तो, हे दोघे निरनिराळे असू शकतात, हे यंत्रास कळेना.

या अडचणीवर तोड म्हणून २०१२ च्या ऑक्टोबरात गूगलने संकेतस्थळाच्या मालकास एक सोय करून दिली. ज्या साक्षीदारांशी आपला काही संबंध नाही त्यांची यादी साध्या मजकुराच्या फायलीत लिहून मालकाने रुजू करावी, म्हणजे त्यांची साक्ष नाकबूल समजली जाईल, अशी ती सोय होती. २०१६ च्या सप्टेंबरात तर मूळ धोरणच पालटले. वाईट दुव्यांबद्दल सबंध संकेतस्थळास दंड करण्याऐवजी ते दुवे हिशेबातच धरावयाचे नाहीत, असा शिरस्ता पडला. यामुळे आजची स्थिती अशी आहे की, परक्यांनी पेरलेल्या घाणेरड्या दुव्यांना घाबरून नाकबुलीच्या याद्या पाठवीत बसण्याचे कारण बहुतेकांना उरलेले नाही, आणि स्वतः गूगलही तेच सांगते. उलट अशा यादीत घाईने एखाद्या सन्मान्य संस्थेचे नाव शिरले, तर आपणच आपला उत्तम साक्षीदार कचेरीबाहेर काढल्यासारखे होते. गूगलच्या अधिकाऱ्यांनी दुव्यांविषयी प्रत्यक्ष कारवाई केल्याची सूचना आली असेल, किंवा मागे आपण अथवा आपण नेमलेल्या मुनिमाने खरोखरीच विकतचे दुवे घेतले असतील, तरच या हत्यारास हात लावावा.

दाराची कुलपे

बाहेरून उडविलेल्या चिखलापेक्षा अधिक अनर्थ दाराच्या आत शिरलेला मनुष्य करतो, आणि दुर्दैवाने पुष्कळ छोट्या दुकानांची दारे उघडीच असतात. संकेतस्थळ एकदा कोणाकडून तरी बांधून घ्यावयाचे आणि मग वर्षानुवर्षे त्याच्या आज्ञावलीची डागडुजी करावयाची नाही, परवलीचा शब्द दुकानाचेच नाव ठेवावयाचा, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची प्रवेशाची मुभा तशीच चालू ठेवावयाची, ही आपली सार्वत्रिक वहिवाट आहे. आत शिरलेला मनुष्य दर्शनी पानास हात लावीलच असे नाही. रोबोट्स नावाच्या लहानशा फायलीत एक ओळ घालून तो शोधयंत्राच्या हिंडणाऱ्या आज्ञावलीस दारातूनच परत पाठवू शकतो, किंवा पानाच्या पोटात ‘याची नोंद करू नये’ असा अदृश्य हुकूम लिहून ठेवू शकतो. मालकास दुकान नेहमीसारखेच दिसते. केवळ यादीतून त्याचे नाव हळूहळू पुसले जाते.

याहून विलक्षण प्रकार जपानी शब्दांच्या आक्रमणाचा. यात घुसखोर त्या संकेतस्थळाच्या आत जपानी भाषेतील हजारो पाने निर्माण करतो, त्यांवर नामांकित वस्तूंच्या नकला विकणाऱ्यांचे दुवे टांगतो, आणि ही पाने शोधयंत्रास दिसावीत परंतु मालकास दिसू नयेत अशी व्यवस्था करतो. इतकेच नव्हे, तर गूगलच्या दप्तरी स्वतःचे नाव सहमालक म्हणून नोंदवूनही घेतो. अशा वेळी घाण झाडून काढली तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हक्काने आत येतो. म्हणून सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत दप्तरखान्यात मालक म्हणून कोणाकोणाची नावे आहेत हे अधूनमधून तपासावे, अनोळखी नाव दिसताच ते व त्याचा दाखला दोन्ही काढून टाकावेत, आणि त्याच ठिकाणी सुरक्षिततेचे व प्रत्यक्ष कारवाईचे जे स्वतंत्र अहवाल असतात ते पाहावेत. आज्ञावली अद्ययावत ठेवणे, प्रवेशास दुहेरी पडताळणी लावणे, आणि सबंध संकेतस्थळाची प्रत दुसऱ्या ठिकाणी नियमाने जपून ठेवणे, ही तीन कामे जो करतो त्याने आपल्या संरक्षणाचा मोठा भाग केला असे समजावे.

तोतया आणि खोटी फिर्याद

पानिपतात नाहीसे झालेल्या सदाशिवराव भाऊसाहेबांच्या नावाने पुढे आलेल्या तोतयाचे प्रकरण पेशवाईच्या वाचकास ठाऊक असतेच. तंजावूरच्या भोसल्यांच्या वृत्तांतातही काटराजा म्हणून उल्लेखिलेल्या सवाई शाहजीस तोतयाच म्हटले आहे. संकेतस्थळांच्या जगातील तोतया आपला मजकूर व चित्रे उचलून दुसऱ्या नावाखाली तंतोतंत मांडतो, आणि कधीकधी त्याची नक्कल मूळच्या आधी शोधयंत्राच्या नजरेस पडल्यामुळे अस्सलालाच नकलेची कळा येते. तंजावूरच्या चित्राविषयी तर हा धोका दुहेरी आहे. अस्सल चित्रात फळीवर कापड ताणून, त्यावर खडूच्या भुकटीचा व डिंकाचा लेप देऊन उठाव घडविलेला असतो, त्यावर सोन्याचा वर्ख बसविलेला असतो आणि खडे जडविलेले असतात. त्याच चित्राच्या छायाचित्रावरून काढलेला सोनेरी छापही पडद्यावर हुबेहूब तसाच चमकतो. कारागिराने येथे आपली खरी शक्ती वापरावी. फळीपासून वर्खापर्यंतच्या प्रत्येक अवस्थेची, कामावरच्या हातांची व कार्यशाळेची छायाचित्रे तारखांसह प्रसिद्ध करावीत, कारण तयार चित्राची नक्कल करता येते, ते घडत असतानाच्या दिवसांची करता येत नाही.

तोतयाच्या उलट असा दुसरा कुटिल इसम स्वतःच फिर्यादी बनतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार, आपला मजकूर चोरला गेला असे कोणी शोधयंत्रास कळविले की ते पान यादीतून काढण्याची सोय आहे, आणि या सोयीचा आसरा घेऊन सज्जनांचीच पाने उतरविता येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात गूगलने कॅलिफोर्नियातील न्यायालयात जो दावा गुदरला, त्यात प्रतिवादींनी डझनावारी बनावट खाती उघडून एक लाखाहून अधिक पत्त्यांविरुद्ध अशा खोट्या तक्रारी केल्या व त्यायोगे प्रतिस्पर्धी विक्रेत्यांस यादीतून घालविले, असा आरोप होता. अशा खोट्या फिर्यादीस उत्तर देण्याची मुभा तोच कायदा देतो. परंतु उत्तर देणाऱ्याजवळ हे चित्र मी अमुक दिवशी काढले, हा मजकूर अमुक दिवशी प्रसिद्ध केला, असे दाखले हवेत.

खोट्या अभिप्रायांचे शस्त्र त्याहून स्वस्त आहे. नकाशावर दुकानाची जी नोंद असते तिच्याखाली, कधीही दुकानात पाऊल न टाकलेल्या माणसांकडून एक-एक तारा देवविणे कोणासही जमते. भारतीय मानक संस्थेने २०२२ च्या नोव्हेंबरात या विषयावर आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले खरे, पण ते पाळणे ऐच्छिक होते. खोट्या अभिप्रायाविरुद्ध मंचाकडे तक्रार अवश्य करावी, शिवाय त्याच्याखाली शांत व नेमके उत्तर लिहावे. अपशब्दास अपशब्दाने उत्तर देणारा दुकानदार त्रयस्थ वाचकाच्या दृष्टीने आपणच खटला हरतो.

निवाडा करणाराचा स्वार्थ

सरफोजीस गादी मिळाली, परंतु निवाडा करणारी ईस्ट इंडिया कंपनी रिकाम्या हाताने परतली नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावूरचा मुलकी कारभार तिच्याकडे गेला, आणि राजाच्या हाती किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा मुलूख व ठरीव नेमणूक एवढेच राहिले. आजच्या शोधयंत्राच्या कंपनीचीही स्थिती निःस्वार्थ न्यायाधीशाची नाही, कारण निवाड्याच्या यादीच्या वरची जागा ती जाहिरातदारांस लिलावाने विकते. गिऱ्हाईकाने तुमच्या दुकानाचे नाव लिहून शोध घेतला असता तुमच्याही वर तुमच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात यावी, आणि तीही तुमच्याच नावावर बोली लावून, हे तेथे शक्य आहे.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा दावा तामिळनाडूतच लढला गेला. भारतमॅट्रिमनी हे विवाहसंकेतस्थळ चालविणाऱ्या कॉन्सिम इन्फो या कंपनीने गूगल व आपले प्रतिस्पर्धी यांच्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. परंतु ज्या शब्दांवर हक्क सांगितला जात होता ते सर्वसामान्य वर्णनपर शब्द असल्याचे पाहून न्यायालयाने २०१० च्या सप्टेंबरात मनाईहुकूम नाकारला. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर बोली लावणे म्हणजे त्या चिन्हाचा वापर होय, मात्र गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल तरच तो आक्षेपार्ह. यातून दुकानदाराने घ्यावयाचा धडा सरळ आहे. ‘तंजावूर चित्रे’ असे वर्णनपर नाव दुकानास दिले तर त्यावर एकट्याची मालकी सांगता येणे कठीण; वेगळे, स्वतःचे असे नाव घ्यावे व त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करावी.

उलट बाजूने, तुम्ही स्वतः जाहिरात देत असाल, तर तिच्यावर पुनःपुन्हा बोट दाबून तुमचे पैसे संपविणारा शत्रूही असू शकतो, आणि हा संशय काल्पनिक नाही. अशा खोट्या दाबण्यांबद्दल जाहिरातदारांनी केलेल्या दाव्यात २००६ मध्ये गूगलने नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली होती. जाहिरातीचा खर्च एकाएकी वाढून मागण्या मात्र तितक्याच राहिल्या, तर नोंदी काढून कंपनीकडे चौकशीचा अर्ज करावा.

कायदा आणि दप्तर

कायद्याची हत्यारे आपल्या देशात कमी नाहीत. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे, आणि त्याची फिर्याद राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या नोंदविता येते. चोरलेल्या मजकुराबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालील नियमांप्रमाणे मध्यस्थास लेखी तक्रार देता येते, व त्याने छत्तीस तासांत तो मजकूर थांबविण्याची तजवीज करावयाची असते. मात्र एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. तंजावूरच्या कारागिरांस तर आणखी एक ढाल आहे. तंजावूरची चित्रे, बाहुल्या, नक्षीची ताटे व वीणा यांची भौगोलिक निर्देश म्हणून नोंद झालेली आहे, आणि १९९९ च्या त्या कायद्याची देशातील एकमेव नोंदणी कचेरी चेन्नईतच आहे. अन्यत्र छापलेला माल तंजावूरचा म्हणून विकणाराविरुद्ध हा कायदा लागू पडतो. परंतु तंजावूरचा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असेल तर त्याच्या फिर्यादीस धार येते.

परंतु या सर्व हत्यारांस मूठ आहे ती दप्तराची. यादीतील आपले स्थान, येणारे दुवे, अभिप्राय, जाहिरातीचा खर्च यांची महिन्याकाठी एक नोंद ज्याने ठेवली आहे, त्यास स्थान घसरले असता ते कोणत्या दिवशी घसरले आणि त्या दिवशी काय घडले हे सांगता येते. ज्याने ती ठेवली नाही, तो प्रत्येक घसरणीत शत्रूचा हात पाहू लागतो. वास्तविक बहुतेक घसरणींचे कारण शत्रू नसून शोधयंत्राची बदललेली कसोटी, मोडलेली पाने किंवा अधिक चांगल्या प्रतिस्पर्ध्याचा उदय हे असते, आणि आरोप करण्यापूर्वी ही कारणे निकालात काढणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. प्रतिस्पर्ध्याचे कारस्थान खरोखर उघडकीस आले तरी त्याच्याच मार्गाने त्याचा सूड घेण्याचा मोह आवरावा. विकतच्या साक्षीदारांचा बाजार एकदा जवळ केला की तेथील माणसे आपल्याही विरुद्ध साक्ष द्यावयास तितक्याच दरात मिळतात.

वाचकास एकच विनंती करून हे प्रकरण संपवितो. आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदले गेले आहे, त्याची मुदत केव्हा सरते आणि त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, याची आजच खात्री करून घ्यावी. पुष्कळदा ते नाव बांधून देणाऱ्याच्याच खात्यावर राहिलेले आढळते. तसे असेल तर वर सांगितलेल्या सर्व उपायांच्या आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्यावे, कारण जी मिळकत कागदोपत्री आपली नाही तिचे रक्षण करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.